साठीनंतरचे स्नायू आणि ताकदीचं इंजेक्शन

प्रश्न: "वडील ६८ वर्षांचे आहेत. सोलापूरच्या पूर्व भागात आमचे चार यंत्रमाग आहेत, आयुष्यभर तेच चालवले. तरुणपणी तालमीत जायचे. दहा वर्षांपासून डायबेटीस, मेटफॉर्मिन चालू आहे. दोन महिन्यांपूर्वी न्यूमोनिया झाला, बारा दिवस अ‍ॅडमिट होते. ७१ किलोचे ६२ वर आले. मांड्या गळाल्यात, खुर्चीतून उठताना हात टेकावा लागतो. मी ज्या जिममध्ये जातो तिथला ट्रेनर म्हणतो, 'डेका'चा कोर्स द्या, तीन महिन्यांत अंग भरेल. शेजारचे म्हणतात, या वयात स्नायूंना काही लागूच पडत नाही. खरं कोणाचं? शिवाय मी ३६ चा आहे. आत्ताच कोर्स करून स्नायू कमावून ठेवले तर म्हातारपणी कामाला येतील का?"

उत्तर: दोघांचंही अर्धंच खरं आहे. म्हाताऱ्या स्नायूला काही लागू पडत नाही, हे चूक. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन आणि त्याच्या कुळातली औषधं (जिममधली स्टेरॉइड्स ती हीच, 'डेका' त्यातलंच एक) साठीनंतरही स्नायूवर जवळजवळ तरुणाइतकीच चालतात आणि हे मोजून दाखवलेलं आहे. पण अंग भरलं म्हणजे पाय चालू लागले असं होत नाही. शिवाय त्या भरलेल्या अंगाचा भार रक्त, हृदय आणि प्रोस्टेट यांच्यावर पडतो, आणि तो भार सोसण्याची तिशीतली ताकद अडुसष्टाव्या वर्षी नसते. म्हणून माझं मत आधीच स्पष्ट सांगतो: वडिलांना आत्ता डेका देऊ नका.

पण इंजेक्शनाच्याही आधीची एक गोष्ट आहे, आणि तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी तिचीच वाटली. वयामुळे स्नायू झडतात ते पन्नाशीनंतर वर्षाला शेकडा एखाद्या टक्क्याच्या हिशेबाने. दोन महिन्यांत नऊ किलो वय नेत नाही. न्यूमोनिया आणि अंथरूण यांनी त्यातलं बरंच नेलं असेल, पण डायबेटीस असलेल्या माणसाला छातीचा आजार होतो आणि नंतर वजन उतरतच राहतं, तेव्हा आपल्याकडे पहिली शंका क्षयाची घ्यावी लागते. थुंकीची तपासणी झाली आहे का? छातीचा एक्स-रे पुन्हा काढून डाग गेले का ते पाहिलं आहे का? तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, थायरॉइड, बी-१२, ड जीवनसत्त्व, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन हे सगळं एका रक्तात होतं. दातही बघा. कवळी सैल झाली म्हणून मऊ भात आणि चहा-बिस्किटांवर आलेले किती तरी आजोबा माझ्याकडे 'अशक्तपणा' म्हणून येतात. सिव्हिलला यातल्या बहुतेक तपासण्या होतात, त्यासाठी मोठ्या खर्चात पडायची गरज नाही. आजार तसाच ठेवून वरून ताकदीचं इंजेक्शन दिलं की वजनाचा आकडा जरा सुधारतो, घरच्यांना बरं वाटतं आणि निदान आणखी तीन महिने लांबतं. हे नुकसान कुठल्याही साइड इफेक्टपेक्षा मोठं आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. स्नायू म्हातारा होतो म्हणजे नेमकं काय होतं?

सुरुवात स्नायूत होत नाही, त्याला हुकूम देणाऱ्या मज्जातंतूंत होते. पाठीच्या कण्यातून निघणारी एकेक चेतापेशी स्नायूतल्या शेकडो तंतूंना चालवते. साठीनंतर या चेतापेशी कमी होत जातात. एक गेली की तिचे तंतू पोरके होतात. त्यातले काही शेजारची पेशी सांभाळायला घेते आणि उरलेले सुकून जातात. तुमच्या कारखान्यातलंच उदाहरण देतो: एक कारागीर गावी गेला की त्याचे माग दुसऱ्याच्या गळ्यात पडतात. माग चालतात, पण धागा तुटल्यावर तो पूर्वीसारखा चटकन पोचत नाही. स्नायूचंही तसंच होतं. ताकद जाते त्याच्याही आधी चपळाई जाते. झटक्यात आकसणारे जे जाड, वेगवान तंतू असतात ते जास्त बारीक होतात, सावकाश चालणारे बरेचसे टिकतात. म्हणून म्हातारा माणूस सिद्धेश्वराच्या देवळापर्यंत हळूहळू चालत जातो, पण पायरीवर ठेच लागली की स्वतःला सावरू शकत नाही. सावरायला लागणारे तंतू नेमके तेच असतात.

म्हणूनच ताकद ही स्नायूच्या वजनापेक्षा दोन-तीन पट वेगाने घटते. स्नायूंच्या या झिजेला १९८९ साली 'सार्कोपेनिया' हे नाव मिळालं तेव्हा सगळा भर मांस किती उरलं यावर होता. आज निदानाची सुरुवात ताकदीपासून होते. आशियाई लोकांसाठी २०१९ साली ठरलेले निकष घरी समजण्यासारखे आहेत: हाताची पकड पुरुषात २८ किलोपेक्षा आणि बाईत १८ किलोपेक्षा कमी, चालण्याचा वेग सेकंदाला एक मीटरपेक्षा कमी, किंवा खुर्चीतून पाच वेळा उठून बसायला १२ सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ. पोटरीचा घेर पुरुषात ३४ सेंटिमीटरच्या खाली असेल तर शंका घ्यायची.

ही खुर्चीची तपासणी आजच करा. हात नसलेली, साधारण गुडघ्याच्या उंचीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. वडिलांना दोन्ही हात छातीवर घडी घालून बसवा, तुम्ही बाजूला उभे राहा, मोबाइलचं स्टॉपवॉच लावा. 'उठा' म्हटल्यापासून पाचव्यांदा पूर्ण बसेपर्यंतचा वेळ लिहून ठेवा. हात न टेकता एकदाही उठता आलं नाही तर तसंच लिहा. माझ्या मते वजनकाट्यापेक्षा हा आकडा खरा. पुढे काहीही उपचार केलेत तरी त्याचा उपयोग झाला की नाही हे याच आकड्यावरून ठरवायचं आहे.

आता चयापचय. स्नायूतलं प्रथिन कायम मोडत असतं आणि कायम नव्याने बनत असतं. उपाशीपोटी मोडणं जास्त होतं, जेवल्यावर बनणं. जेवणातली अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनाचे सुटे घटक, त्यातही ल्युसीन नावाचं, स्नायूपेशीत पोचली की प्रथिन बांधणीची यंत्रणा चालू होते. इन्सुलिन त्याच वेळी मोडतोड आवरतं. उपाशीपोटीचा बांधणीचा वेग निरोगी तरुणात आणि निरोगी म्हाताऱ्यात फारसा वेगळा नसतो. फरक पडतो तो जेवल्यानंतर. तरुणाला एका जेवणात वजनाच्या दर किलोमागे सुमारे ०.२४ ग्रॅम प्रथिन मिळालं की बांधणी पूर्ण वेगाने चालते. म्हाताऱ्याला त्याच वेगासाठी सुमारे ०.४ ग्रॅम लागतं. व्यायामाचंही तसंच: तेवढंच वजन उचललं तरी साठीच्या स्नायूत बांधणी कमी होते. डॉक्टर मंडळी याला 'अ‍ॅनाबॉलिक रेझिस्टन्स' म्हणतात. त्यात डायबेटीस असला की इन्सुलिनचा परिणामही बोथट झालेला असतो आणि मोडतोड आवरत नाही. तुमचे वडील या दोन्हींत सापडलेत.

त्यांच्या ताटाचा हिशेब करू. ६२ किलोला ०.४ ने गुणलं की एका जेवणाला २५ ग्रॅमच्या आसपास प्रथिन हवं. सकाळी चहा आणि दोन खारी, किंवा बशीभर पोहे: चार-पाच ग्रॅम, म्हणजे बांधणीला नावापुरतंच. दुपारी दोन कडक भाकरी धरल्या तर पंधराएक ग्रॅम, दोन चमचे शेंगाचटणीचे चार-पाच, पातळ आमटीच्या वाटीचे तीन-चार. बेरीज वीसच्या पुढे जाते खरी, पण ज्वारीचं प्रथिन पूर्ण पचत नाही आणि त्यात लायसीन हे बांधणीला लागणारं दुसरं अमिनो आम्ल कमी असतं. शेंगदाण्यातही ते कमीच. ल्युसीन मात्र ज्वारीत भरपूर आहे, इतकं की ज्वारी खाणाऱ्या भागात दिसणाऱ्या पेलाग्रा या आजाराचा संबंध हैदराबादच्या संशोधकांनी एके काळी त्याच्याशी जोडला होता. तेव्हा मालदांडीची भाकरी मुळीच सोडू नका, तिच्या जोडीला लायसीन द्या: घट्ट वरण किंवा मटकी-हुलग्याची उसळ, वाटीभर दही, आणि चालत असेल तर अंडी, मासे, चिकन. दोन अंड्यांत बारा ग्रॅम येतं, ग्लासभर दुधात सहा-सात, शंभर ग्रॅम शिजलेल्या चिकनमध्ये पंचवीसच्या वर. घरी शाकाहार असेल तर सकाळी फुटाण्याचं पीठ दुधात कालवून, दुपारी उसळ आणि ताक, रात्री पनीर किंवा मुगाचं धिरडं असं बसवता येतं. आजारातून उठलेल्या वृद्धाला दिवसाला किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम, म्हणजे तुमच्या वडिलांना साधारण ७५ ते ९० ग्रॅम लागेल. एक सावधगिरी मात्र हवी. त्यांना डायबेटीस आहे. क्रिएटिनिन वाढलेलं असेल किंवा लघवीतून प्रथिन जात असेल तर हा आकडा तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचा.

आपल्या घरांत बहुतेक प्रथिन एकाच वेळच्या जेवणात जातं, बाकी दिवस चहावर निघतो. तरुणाला ते खपून जातं. म्हाताऱ्याला तिन्ही वेळा थोडं भरीव लागतं, कारण प्रत्येक वेळी बांधणी सुरू व्हायला जो नेट लागतो तो अर्ध्या मुर्ध्या घासाने येत नाही.

अंथरुणाचं काय होतं तेही सांगतो, म्हणजे ते बारा दिवस कुठे गेले हे कळेल. २००७ साली अमेरिकेत एक प्रयोग छापून आला. सरासरी ६७ वयाच्या निरोगी माणसांना, कुठलाही आजार नसताना, दहा दिवस फक्त झोपवून ठेवलं. दहा दिवसांत दोन्ही पायांतून मिळून जवळपास एक किलो मांस गेलं आणि स्नायूतली प्रथिन बांधणी सुमारे ३० टक्क्यांनी मंदावली. तुमच्या वडिलांना वर ताप होता, संसर्ग होता, भूक नव्हती. दवाखान्यातून सुटताना आपण जंतुसंसर्ग बरा झाल्याचा कागद घेऊन येतो, पाय सुधारण्याचा कार्यक्रम कुणी देत नाही. मला हे फार खटकतं. न्यूमोनियातून वाचलेला माणूस त्याच महिन्यात न्हाणीत पडून खुबा मोडून परत येतो, तेव्हा तो त्याच आजाराचा राहिलेला भाग असतो.

आता स्टेरॉइडकडे वळू. टेस्टोस्टेरॉनमुळे म्हातारपण परततं ही कल्पना हे औषध सापडण्याच्याही आधीची. १८८९ साली ब्राउन-सेकार या ७२ वर्षांच्या नामवंत शरीरशास्त्रज्ञाने प्राण्यांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि ताकद परत आल्याचं जाहीर केलं. त्या अर्कात कामाचं हार्मोन नगण्य असणार, पण कल्पना टिकली. टेस्टोस्टेरॉन वेगळं काढलं गेलं ते १९३५ साली. नंतर त्याच्या रेणूत फेरफार करून स्टॅनोझोलोल, मिथॅन्डिएनोन, नॅन्ड्रोलोन असे भाऊबंद तयार झाले. जिममधलं 'डेका' म्हणजे नॅन्ड्रोलोन डेकॅनोएट: तेलातलं इंजेक्शन, स्नायूत दिल्यावर हळूहळू रक्तात उतरत राहणारं.

हे रेणू स्नायूपेशीत शिरून तिथल्या पुरुषी हार्मोन पकडणाऱ्या जागेला (अँड्रोजेन रिसेप्टरला) चिकटतात आणि प्रथिन बांधणीचा हुकूम थेट जनुकांच्या पातळीवर देतात. मोडलेल्या प्रथिनातली अमिनो आम्लं वाया न जाता परत बांधणीला लागतात. स्नायूच्या कडेला झोपून असलेल्या उपग्रह पेशी जाग्या होऊन तंतूंना नवी केंद्रकं पुरवतात. ज्या मूळ पेशी चरबीकडे वळल्या असत्या त्या स्नायूकडे वळतात. जेवणातून येणारा इशारा म्हाताऱ्या स्नायूत मंदावतो, पण हा दुसरा रस्ता बराचसा मोकळा राहतो.

याचा सगळ्यात स्वच्छ पुरावा २००५ सालचा आहे. शलेंदर भसीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६० ते ७५ वयाच्या निरोगी पुरुषांचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन औषधाने बंद केलं आणि दर आठवड्याला २५, ५०, १२५, ३०० किंवा ६०० मिलिग्रॅम असे वेगवेगळे डोस वीस आठवडे दिले. तरुणांवर हाच प्रयोग त्यांनी आधी केला होता. वजनं उचलण्याचा व्यायाम दोन्ही गटांना मना होता. म्हाताऱ्यांत १२५ च्या डोसला चरबी सोडून बाकीचं वजन सुमारे ४ किलो वाढलं, ६०० ला सुमारे ७ किलो. तरुणांतही जवळपास तेवढंच. म्हणजे 'या वयात लागू पडत नाही' हे शेजाऱ्यांचं म्हणणं इथे संपतं.

पण त्याच प्रयोगाचं पुढचं पान ट्रेनरने वाचलेलं नाही. तोच डोस देऊन रक्तातली पातळी म्हाताऱ्यांत जास्त चढली, कारण हे हार्मोन शरीराबाहेर टाकण्याचा वेग वयाने मंदावतो. मोठ्या डोसांवर म्हाताऱ्यांना जास्त त्रास झाला: रक्त घट्ट होणं, पायांना सूज, प्रोस्टेटच्या तक्रारी. टेस्टोस्टेरॉन यकृतातलं हेप्सिडिन, म्हणजे लोह अडवून धरणारं हार्मोन, कमी करतं, त्यामुळे लोह मोकळं होऊन लाल पेशी भराभर बनतात, आणि म्हाताऱ्यांत हा परिणाम तरुणांपेक्षा स्पष्टच जास्त आहे. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण, ५४ टक्क्यांच्या वर गेलं की औषध थांबवावंच लागतं. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा ४३-४४ वर असतो, माग चालू असलेल्या शेडमध्ये त्याहून जास्त. वृद्धांना तहान कमी लागते, लघवीला उठावं लागू नये म्हणून ते पाणी कमीच पितात. आधीच घट्ट झालेलं रक्त त्यात आणखी आटतं. सोलापूरच्या उन्हाळ्यात हा धोका पुस्तकांत दिलाय त्यापेक्षा मी एक पायरी वरचा धरतो.

दुसरा प्रश्न: मांस वाढलं, पण चालणं सुधारलं का? इथे निराशा आहे, आणि ती नीट समजून घ्या. भसीन यांच्या त्याच म्हाताऱ्यांत पायाची ताकद डोसप्रमाणे वाढली, पण चालण्यासारख्या रोजच्या हालचाली त्या प्रमाणात सुधारल्या नाहीत. २०१६-१७ साली ६५ च्या पुढच्या ७९० पुरुषांवरच्या चाचण्यांचे निकाल आले. त्यांचं टेस्टोस्टेरॉन खरोखर कमी होतं आणि त्यांना वर्षभर टेस्टोस्टेरॉनचं किंवा औषध नसलेलं जेल लावायला दिलं होतं. लैंगिक बाबतीत फायदा दिसला, रक्तक्षयात (अ‍ॅनिमियात) दिसला, हाडांची घनता वाढली. चालण्यातला फायदा किरकोळ. कारण वर सांगितलं तेच: गेलेल्या चेतापेशी कुठलंही स्टेरॉइड परत आणत नाही. जाड झालेला स्नायू वेळेवर पाऊल टाकायला शिकतो तो फक्त सरावाने.

तुमच्या वडिलांशी सगळ्यात जवळचा अभ्यास २०१० सालचा. सरासरी ७४ वयाचे, चालायला त्रास असलेले, अनेकांना डायबेटीस, रक्तदाब, हृदयविकार, असे २०९ पुरुष. टेस्टोस्टेरॉनने त्यांच्या पायांची ताकद वाढली, ओझं घेऊन जिना चढणंही सुधारलं. पण हृदय-रक्तवाहिन्यांचे त्रास औषध घेणाऱ्यांत २३ जणांना झाले आणि औषध नसलेलं जेल लावणाऱ्यांत ५ जणांना, म्हणून अभ्यास मध्येच थांबवावा लागला. २०२३ साली पाच हजारांवर पुरुषांचा मोठा अभ्यास आला. त्यात हार्ट अटॅक आणि पक्षाघात वाढले नाहीत, हे मोठं समाधान. पण हृदयाचे ठोके अनियमित होणं, फुप्फुसात गुठळी जाणं आणि मूत्रपिंडाला इजा होणं हे जास्त दिसलं, आणि आधीच्या चाचण्यांत हाडांची घनता वाढलेली दिसली असूनही इथे फ्रॅक्चर जास्तच झाले. आणि हे सगळे आकडे तपासून दिलेल्या, शरीराच्या नैसर्गिक पातळीत ठेवलेल्या डोसांचे आहेत. जिममधले डोस याच्या कितीतरी पट असतात, त्यावर कुणाची देखरेख नसते आणि कुपीत लेबलवरचंच औषध आहे याची खात्री नसते.

'डेका प्रोस्टेटला सौम्य आहे, म्हणून म्हाताऱ्यांना सेफ' असं तुम्हाला सांगितलं जाईल. प्रोस्टेटमध्ये नॅन्ड्रोलोनचं रूपांतर कमी जोराच्या पदार्थात होतं, एवढं खरं आहे. पण ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीला दडपून शरीराचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बंद पाडतं, चांगलं कोलेस्टेरॉल खाली आणतं आणि अंगात पाणी धरतं. पहिल्या महिन्यात चेहरा आणि दंड भरलेले दिसतात त्यात या पाण्याचाही वाटा असतो. औषध थांबल्यावर शरीराची स्वतःची पातळी वर यायला महिने लागतात, या वयात कधी कधी ती पूर्वीइतकी येतही नाही. त्या काळात पेशंट पूर्वीपेक्षा गळून जातो, मग घरचे पुन्हा इंजेक्शन शोधायला निघतात. गोळ्यांच्या रूपातली स्टेरॉइड्स यकृताला घातक, त्यांचा तर विचारही नको.

एक महत्त्वाचं. वडिलांचा डिस्चार्ज कागद काढून प्रेडनिसोलोन, मिथाइलप्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन यांपैकी काही लिहिलंय का पाहा. तीही स्टेरॉइडच, पण दुसऱ्या कुळातली आणि स्नायूंच्या बाबतीत उलट्या स्वभावाची: ती मांडीचे आणि खांद्याचे स्नायू मोडतात, साखर चढवतात. न्यूमोनियात आणि दम्यात ती जीव वाचवतात, म्हणून डॉक्टरांना न विचारता बंद करायची नाहीत. पण सांधेदुखीसाठी, भूक वाढावी म्हणून गावोगाव ज्या बेनावाच्या पुड्या आणि गोळ्या मिळतात त्यांत बरेचदा हीच असतात. अंग सुजतं, घरच्यांना वाटतं तब्येत सुधारली, आणि आतून मांड्या रिकाम्या होत असतात. वडील असं काही घेत असतील तर ते एकदम न थांबवता पुडीसकट डॉक्टरांकडे घेऊन जा.

मग करायचं काय? वजन उचलायचं. मी हे ठासून सांगतो, कारण नव्वदीतला स्नायूसुद्धा याला दाद देतो. १९९० साली बोस्टनमध्ये मारिया फियातारोने यांनी वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या, अशक्त माणसांना आठ आठवडे मांडीच्या स्नायूंचा वजनाचा व्यायाम दिला. ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. चार वर्षांनी शंभर जणांवर पुन्हा केलेल्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली: व्यायामाशिवाय नुसतं पौष्टिक पेय दिलं तर ताकद वाढली नाही. वयामुळे मंदावलेली बांधणी व्यायामानंतर दिवसभर तरी अन्नाला जास्त चांगली दाद देते. म्हणून व्यायाम आणि त्यामागून भरीव जेवण, हा क्रम ठेवा.

वडील तालमीतले आहेत, हे फार उपयोगाचं. त्यांना 'फिजिओथेरपी' म्हणू नका, मेहनत म्हणा. पण जोर-बैठका शंभराने मोजायची जुनी सवय आता मोडावी लागेल. संख्या कमी आणि ओझं जास्त, हा नवा नियम. पहिले दोन आठवडे खुर्चीवर उशी ठेवून ती उंच करा आणि हात टेकून का होईना, दहा-दहाचे दोन सेट उठवा. जमलं की उशी काढा, मग हात सोडवा. मग तेलाचा पाच लिटरचा कॅन अर्धा पाण्याने भरून छातीशी धरायला द्या, पुढे तो पूर्ण भरा. शेवटची दोन-तीन आवर्तनं कष्टाने पूर्ण व्हायला हवीत. सहज होत असतील तर पाणी वाढवायची वेळ आली. सोबत ओट्याला धरून टाचा उचलणं आणि भिंतीवर हात टेकून जोर. एक दिवसाआड, आठवड्यात तीनदा. श्वास रोखू द्यायचा नाही. छातीत दुखलं, चक्कर आली, धाप बसेना, तर तिथेच थांबायचं. सुरुवातीला रक्तदाब आणि ईसीजी पाहून घ्या. इन्सुलिन किंवा साखर खाली आणणारी दुसरी गोळी असेल तर खिशात साखर ठेवा. सकाळचं फिरणं चांगलंच आहे, पण नुसत्या फिरण्याने मांडी भरत नाही.

मेटफॉर्मिनबद्दल तुम्ही इंटरनेटवर वाचाल म्हणून सांगतो. २०१९ सालच्या एका अभ्यासात ६५ च्या पुढच्या, डायबेटीस नसलेल्या लोकांत मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचे स्नायू व्यायामाने थोडे कमी वाढले. ज्याला डायबेटीस आहे त्याने त्यासाठी गोळी सोडायची नाही. चढलेली साखर मेटफॉर्मिनपेक्षा कितीतरी जास्त स्नायू खाते.

टेस्टोस्टेरॉनला जागाच नाही असं माझं म्हणणं नाही. काही पुरुषांत ते खरोखर कमी असतं आणि त्याची लक्षणंही असतात. त्यांना एंडोक्रिनॉलॉजिस्ट, म्हणजे हार्मोनतज्ज्ञ, याच्या देखरेखीत द्यावं, मीही पाठवतो. पण तपासणी सकाळी, उपाशीपोटी आणि दोन वेगवेगळ्या दिवशी करावी लागते. आणि मोठ्या आजारात ही पातळी आपोआप घसरते, म्हणून आत्ता, न्यूमोनियातून उठताउठता केलेल्या रिपोर्टवर विसंबू नका. प्रोस्टेट कॅन्सर, वाढलेलं पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी), आधीच जास्त हिमॅटोक्रिट, अनियंत्रित हार्ट फेल्युअर, गेल्या सहा महिन्यांतला हार्ट अटॅक किंवा पक्षाघात, झोपेत श्वास अडकण्याचा उपचार न झालेला आजार यांत ते देत नाहीत. दिलंच तर तीन ते सहा महिन्यांनी हिमॅटोक्रिट आणि पीएसए पाहायचं आणि नंतर दरवर्षी. वडिलांच्या बाबतीत आधी क्षय आणि साखर यांचा निकाल लावा, बारा आठवडे जेवण आणि मेहनत नीट होऊ द्या, दर दोन आठवड्यांनी खुर्चीचे सेकंद लिहीत जा. बारा आठवड्यांनी सेकंद कमी झाले नाहीत किंवा वजन अजून उतरतंय असं दिसलं तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. टेस्टोस्टेरॉनची तपासणी तेव्हा करण्यात अर्थ आहे.

आता तुमच्याबद्दल. ३६ व्या वर्षी कोर्स करून कमावलेलं मांस ६८ पर्यंत टिकतं असा माणसांतला कुठलाही पुरावा नाही. उंदरांत स्टेरॉइडने वाढलेली केंद्रकं औषध थांबल्यावरही काही काळ टिकलेली दिसली, तेवढ्यावरून जिममध्ये 'स्नायूंची आठवण' म्हणून बरंच सांगितलं जातं. माणसांत जे टिकलेलं दिसतं ते नुकसान आहे: २०१७ साली १४० अनुभवी वेटलिफ्टर तपासले, तेव्हा वर्षानुवर्षं स्टेरॉइड घेणाऱ्यांच्या हृदयाची पंप करण्याची क्षमता न घेणाऱ्यांपेक्षा कमी भरली आणि त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत चरबीचे थर जास्त सापडले. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की वृषणांचं काम थांबतं, शुक्राणू शून्यावर येऊ शकतात आणि परत यायला काहींना वर्ष-दोन वर्षं लागतात. तुम्ही आत्तापर्यंत काही घेतलं असेल आणि घरात मुलाचा विचार चालू असेल, तर लाजू नका, पत्नीच्या तपासण्या सुरू करण्याआधी स्वतःची वीर्यतपासणी करून घ्या आणि काय घेतलं, किती महिने घेतलं, हे डॉक्टरांना खरंखरं सांगा.